उतरत्या छताला सस्पेन्शन ट्रेनर टांगताना बोल्टच्या जाडीचा प्रश्न सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही चुकलं असेल तर सांगता येईल. तुम्हाला छताला सस्पेन्शन ट्रेनर टांगायचाय, म्हणजे वर एका जागी अडकवून धरून व्यायाम करायचे पट्टे. वरच्या मजल्यावरची खोली, छत उतरतं, एका बाजूला उंची २.९ मीटर आणि दुसऱ्या बाजूला २.१. खालून जिप्सम बोर्डाचं फॉल्स सीलिंग. त्याच्या वर नेमकं काय आहे ते माहीत नाही. ठोकलं की सगळीकडे पोकळ आवाज येतो, पण चुंबक फिरवलं तर ठरावीक अंतरावर लोखंड लागतं. तुमचं वजन ८२ किलो. तुमच्यापुढे तीन पर्याय आहेत: त्या लोखंडात आय-बोल्ट (डोक्याला गोल कडी असलेला बोल्ट) बसवणं, बोर्डातून वर लांब थ्रेडेड रॉड (लांबीभर आटे असलेली सळई) घालणं, किंवा इलेक्ट्रिशियन म्हणतोय तसा पंख्याचाच हूक वापरणं. आणि बोल्ट ८ मिलिमीटरचा पुरेल की १०चा हवा, असं विचारलंय.

तिन्ही पर्याय नकोत. कारणं सांगतो. मी जिमची उपकरणं बसवण्याचं काम करतो आणि घरगुती कामात हा बोल्टच्या जाडीचा प्रश्न बहुतेक वेळा सगळ्यात आधी येतो. तो शेवटचा असायला हवा. त्याआधी दोन गोष्टी कळायला हव्यात: पट्टा कुठल्या दिशेला ओढणार आहे, आणि ती ओढ घेणारं तिथे खरोखर काय आहे.

चुंबकाला लागलेल्या लोखंडाचं आधी संपवू. ते बोर्ड धरणारे चॅनेल आणि त्यांचे स्क्रू. पत्र्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. बोर्डाचं आणि फार तर एखाद्या छोट्या दिव्याचं वजन पेलण्यासाठी ते असतात. त्यात आय-बोल्ट घट्ट बसल्यासारखा वाटेल, पहिल्या दिवशी कदाचित टिकेलही. नंतर पत्र्याचे आटे फाडून बाहेर येईल. पंख्याचा हूक जास्त फसवा, कारण तो मजबूत दिसतो. पण त्याचं काम काही किलोंचा पंखा सरळ खाली धरून ठेवण्याचं. तो स्लॅबमध्ये किती आत गेलाय, आत सळईला अडकवलाय की नुसता काँक्रीटमध्ये खोचलाय, वर गंज किती आहे, यातलं खालून काहीच दिसत नाही. शिवाय तिथेच वायर आहेत. जे दिसत नाही त्यावर मी माणूस टांगत नाही.

आता ओढ. सगळ्यांच्या डोक्यात चित्र असतं ते सरळ खाली लोंबणाऱ्या माणसाचं. सस्पेन्शन ट्रेनरवर तसं क्वचितच होतं. तुम्ही पाय जमिनीवर रोवून मागे रेलता आणि स्वतःला वर ओढता; शरीर ४५ अंशात असेल आणि पट्टा शरीराशी काटकोनात, तर पट्ट्यातला ताण वजनाच्या साधारण निम्मा असतो, कारण उरलेलं वजन पाय घेतात. म्हणजे तुमच्या बाबतीत ३८ किलोच्या आसपास. ऐकायला फारच कमी वाटतं. पण ती ओढ तिरकी आहे: त्यातली सुमारे २७ किलो खाली आणि तितकीच, २७ किलो, आडवी. तुम्ही पुढे तोंड करून छातीचे व्यायाम करता तेव्हा हीच आडवी ओढ उलट दिशेला. एका बैठकीत असे शेकडो हेलकावे बसतात. छताला लावलेल्या वस्तू सहसा खालच्या ओढीने सुटत नाहीत, या आडव्या डुलण्याने सैल होत होत सुटतात.

म्हणूनच बोर्डातून लांब रॉड खाली आणण्याची कल्पना मला सगळ्यात जास्त खटकते, आणि नेमकी तीच जागोजागी दिसते. हिशेब करून बघा. स्लॅब आणि फॉल्स सीलिंग यांत ३० सेंटीमीटरची पोकळी धरू. रॉडच्या खालच्या टोकाला २७ किलोची आडवी ओढ म्हणजे वरच्या टोकाशी ८ किलोग्रॅम-मीटरचा वाकवणारा जोर. एम१०, म्हणजे १० मिलिमीटर जाडीच्या, रॉडचे आटे सोडून आतला गाभा जेमतेम ८ मिलिमीटरचा उरतो. साध्या पोलादाचा असा गाभा सव्वा-दीड किलोग्रॅम-मीटरलाच वाकायला लागतो. एम१६ घेतला तरी ६ च्या आसपास. म्हणजे नुसतं हळू रेलण्यानेच रॉड वाकेल, पुढे-मागे वाकत राहील आणि एक दिवस अगदी वरच्या नटापाशी, जिथे कुणाला दिसत नाही तिथे, तुटेल. ओढीने तोडायला गेलात तर हाच एम१० रॉड टनाच्या भाषेत बोलतो. दोष त्याच्या ताकदीचा नाही, तो चुकीच्या कामाला लावलाय.

पोकळी ओलांडायचीच असेल तर दोन रीतसर मार्ग आहेत. एक म्हणजे कडक ब्रॅकेट: ५० बाय ५० मिलिमीटरचा, ३ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप, वर २०० मिलिमीटरची जाड प्लेट वेल्ड केलेली, प्लेटला चार कोपऱ्यांत चार बोल्ट. तेवढाच वाकवणारा जोर हा पाइप वीसपटीहून जास्त राखीव ताकद ठेवून घेतो. बोल्ट एकमेकांपासून १५० मिलिमीटरवर असतील तर नेहमीच्या ओढीत एकेका बोल्टच्या वाट्याला ३०-३५ किलो येतात. दुसरा मार्ग वर बिजागरीसारखा सांधा ठेवून साखळी किंवा वायर रोप खाली सोडण्याचा, म्हणजे वाकवणारा जोर तयारच होत नाही. पण मग साखळी डुलते आणि बोर्डाचं भोक खरवडत राहते. तुमच्या खोलीत रोज पांढरी भुकटी पडेल. मी ब्रॅकेटच घेईन.

धक्क्याचा हिशेब वेगळा. वजन हळू न टेकवता एकदम सोडलं, अगदी उंचीवरून न पडता सुद्धा, तर क्षणभर दुप्पट जोर येतो; थोडं जरी पडलं तरी त्याहून जास्त. पाय घसरला की निम्म्याचं पूर्ण वजन होतं आणि वर धक्का. म्हणून ८२ किलोच्या माणसासाठी मी ३०० किलो धरून चालतो, आणि तेही सुरक्षित भार म्हणून, तुटण्याचा भार म्हणून नाही. पाकिटावर आकडा लिहिलेला असतो तो यातला कोणता, ते नीट वाचा.

आता वर काय आहे ते शोधायचं. यात बोर्ड फोडायची गरज नसते. छतात बसवलेला एखादा गोल दिवा असेल तर मेन बंद करून तो काढा, भोकातून मोबाइल वर घाला, फ्लॅश लावून चारी बाजूंना व्हिडिओ काढा. पाच मिनिटांचं काम आहे आणि अर्धे प्रश्न तिथेच सुटतात. उतरत्या छताच्या वर साधारण तीनपैकी एक गोष्ट निघते: आरसीसीची उतरती स्लॅब, लाकडी वासे, किंवा पत्र्याखालची लोखंडी कैची, म्हणजे छप्पर पेलणारा तुकड्या-तुकड्यांचा सांगाडा. पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

स्लॅब निघाली तर त्यातल्या त्यात काम सोपं, पण डोळे मिटून भोक पाडायचं नाही. एकसंध आरसीसी स्लॅबच असेल याची खात्री हवी. पोकळ ब्लॉकची किंवा आधी ओतून आणलेली पोकळ प्रीकास्ट स्लॅब असेल तर बोल्ट पोकळीत जाऊन नुसता गरगरतो. ताण दिलेल्या केबल्सची, म्हणजे पोस्ट-टेन्शन स्लॅब असेल तर ड्रिल हातातही घेऊ नका. केबल तुटली तर ते प्रकरण व्यायामाच्या पलीकडे जातं. साध्या स्लॅबमध्ये विजेचे पाइप असतात आणि ते भिंतींना समांतर जातील असं मुळीच नाही, पंख्याच्या बॉक्सकडे तिरके धावतात. डिटेक्टर फिरवूनच जागा ठरवा. ड्रिल सळईला लागलं की आवाज बदलतो, बिट किंचाळतं आणि पुढे सरकेनासं होतं. तिथे थांबायचं. सळई कापून पुढे जायचं नाही. नवं भोक, सोडून दिलेल्या भोकाच्या खोलीच्या निदान दुप्पट अंतरावर घ्यायचं आणि जुनं ताकदीच्या मॉर्टरने बुजवायचं.

खोली मोजताना गिलावा धरायचा नाही. बोल्ट ५० मिलिमीटर आत हवा असेल तर ते ५० मिलिमीटर काँक्रीटमध्ये, गिलाव्याचा थर सोडून. भोकातली धूळ ब्रशने आणि फुंकणीने पुन्हा पुन्हा काढा. धुळीत बसलेला फास्टनर, म्हणजे आवळल्यावर भोकात फुगून घट्ट होणारा बोल्ट, फुगतो तो धुळीवर, काँक्रीटवर नाही. आणि एक गोष्ट विक्रेते क्वचितच सांगतात. स्लॅबचा खालचा भाग मधल्या पट्ट्यात ताणात असतो, तिथे केसासारख्या भेगा असणं स्वाभाविक आहे, म्हणून फास्टनर भेगाळलेल्या काँक्रीटसाठी मान्य केलेला घ्या. तसा उल्लेख त्याच्या माहितीपत्रकात असतो. कडेपासून आणि दुसऱ्या बोल्टपासूनही अंतर ठेवायचं, कारण बोल्ट उपटला जातो तेव्हा काँक्रीटचा शंकू घेऊन येतो आणि त्या शंकूचा पसारा बोल्टच्या खोलीच्या दीडपट, सगळ्या बाजूंना. ५० मिलिमीटर खोलीचे दोन बोल्ट १५० मिलिमीटरपेक्षा जवळ आले की दोन शंकू एकमेकांत शिरतात. वर प्लेटचं जे माप दिलं ते याच कारणाने.

केमिकल अँकरबद्दल, म्हणजे भोकात रेझिन भरून चिकटवायच्या बोल्टबद्दल, तुम्ही विचारलेलं नाही, पण कुणीतरी सुचवेलच. भिंतीत मी ते वापरतो, डोक्यावरच्या कामात टाळतो. २००६ च्या जुलैमध्ये बॉस्टनच्या बोगद्यात छताचे काँक्रीटचे पॅनल कोसळून गाडीतली एक महिला दगावली. तपासात निघालं ते असं: पॅनल धरणारे अँकर पटकन घट्ट होणाऱ्या इपॉक्सीने बसवले होते आणि ते इपॉक्सी सततच्या भाराखाली हळूहळू सरकत गेलं. तुमचा भार तसा सततचा नाही आणि चांगल्या रेझिनला ही अडचण नसते, हे खरं. पण उलट्या भोकात रेझिन पूर्ण भरलंय की मधे हवेचा फुगा राहिलाय हे घरच्या घरी कळायला मार्ग नाही. यांत्रिक फास्टनर निदान पान्याला उत्तर देतो.

लाकडी वासे असतील तर आधी स्क्रूड्रायव्हरचं टोक जोरात दाबून बघा. भुसभुशीत लागलं किंवा आत गेलं, तर तो वासा आपल्यासाठी नाही. निरोगी वासा असेल तर सगळ्यात साधा उपाय भोक न पाडण्याचा: वाशाभोवती रुंद पट्ट्याची स्लिंग गुंडाळायची, कडांवर लाकडाच्या किंवा रबराच्या पट्ट्या ठेवून. उतारावर ती खाली घसरू नये म्हणून वाशाला एक छोटा ठोकळा मारावा लागतो, हे बहुतेक जण विसरतात. बोल्टच घालायचा असेल तर वाशाच्या बाजूने, उंचीच्या मध्यातून आरपार, दोन्हीकडे मोठे वॉशर. खालून स्क्रू मारणं मला कमी पसंत आहे, कारण मग सगळा भार लाकडातल्या आट्यांवर येतो आणि आडव्या ओढीने भोक लंबगोल होत जातं. मारायचाच झाला तर बरोबर मध्यरेषेवर, आधी बारीक भोक पाडून, आणि निदान ७५ मिलिमीटर घन लाकडात. बोर्डाची जाडी यात धरायची नाही.

दोन वाशांवर भार वाटायचा म्हणून दोन्हींना स्लिंग बांधून मधे इंग्रजी व्ही आकार करतात. चांगलं आहे, पण व्ही अरुंद ठेवा. दोन पायांतला कोन १२० अंशांचा झाला की प्रत्येक पायात पूर्ण भार येतो, म्हणजे वाटणी झालीच नाही. वर दोन्ही वासे एकमेकांकडे ओढले जातात ते वेगळंच. ६० अंशांच्या आत ठेवलं की ठीक.

लोखंडी कैची असेल तर माझं उत्तर सावध आहे. हलक्या कैच्या पत्र्याचं वजन आणि वारा एवढ्याच हिशेबाने केलेल्या असतात. भार द्यायचाच तर जिथे कैचीचे तुकडे एकत्र येतात त्या सांध्याजवळ, क्लॅम्प किंवा यू-बोल्ट लावून. दोन सांध्यांच्या मधल्या लांब पट्टीवर नाही, आणि पत्रा ज्यांवर बसतो त्या पातळ आडव्या पट्ट्यांवर, म्हणजे परलिनवर, तर नाहीच. पाइपला भोक पाडू नका. जिप्सम बोर्डाच्या वर वेल्डिंगची ठिणगीही नको. आणि त्या कैचीचा हिशेब एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय मी स्वतः हे काम घेत नाही.

इथवर वाचून तुम्हाला वाटत असेल की मग करायचं काय. तुमच्या मोजमापांत मला एक सोपी वाट दिसते: २.१ मीटरच्या बाजूची भिंत. या उपकरणाला टांगण्याची जागा साधारण २.१ ते २.७ मीटर उंचीवर हवी असते, आणि तुमची कमी उंचीची बाजू नेमकी त्या मर्यादेच्या खालच्या टोकाला आहे. उंच बाजूच्या भिंतीवर तर २.४ मीटरवर आरामात बसवता येईल. छताच्या मधोमध लोंबणारे पट्टे दिसायला छान दिसतात, पण घरातल्या माणसाचे बहुतेक व्यायाम एका दिशेला तोंड करून होतात आणि त्यासाठी भिंत पुरते. जाईल ते एवढंच, की अँकरच्या अगदी खाली उभं राहून चहूकडे फिरता येणार नाही. मला तो सौदा वाईट वाटत नाही. अडचणीच्या छताशी झगडण्यापेक्षा इमारतीचा सांगाडा जिथे आहे तिथे व्यायाम नेणं नेहमी स्वस्त आणि सुरक्षित पडतं.

भिंतीतही निवड आहे. आरसीसी कॉलम मिळाला तर उत्तम. बीमची बाजू चालेल, पण खालच्या कडेपासून बरंच वर, कारण मुख्य सळया खाली असतात. भरीव विटांची जाड भिंत चालते, बोल्ट सांध्यात न जाता विटेत जाईल असं बघून. हलक्या एएसी ब्लॉकची (हवेचे बुडबुडे असलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांची) किंवा पोकळ ब्लॉकची भिंत असेल तर साधा फास्टनर ब्लॉक चुरडत फिरत राहतो. तिथे आरपार बोल्ट आणि पलीकडच्या बाजूला मोठी प्लेट, दुसरं काही नको. जिप्समच्या पार्टिशनचा विचारही नको. ब्रॅकेट भिंतीपासून हातभर पुढे आलेला असावा, नाहीतर पट्टे भिंतीला घासतात, आणि समोर दोन-अडीच मीटर मोकळी जमीन हवी.

जोडणीच्या वस्तूंबद्दल थोडक्यात. खांदा, म्हणजे कडीखालचं रुंद बूड, नसलेला आय-बोल्ट तिरक्या ओढीसाठी नसतोच. खांदा असलेल्याचीही ४५ अंशांत क्षमता सरळ ओढीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर येते, म्हणून दोन किंवा चार बोल्टची प्लेट असलेला ब्रॅकेट घ्या. कॅराबिनर, म्हणजे पट्टा अडकवायची उघडझाप होणारी कडी, पोलादी आणि स्क्रू-लॉकचा (तोंड आट्यांनी बंद होणारा). त्यावर किलोन्यूटनमध्ये दोन आकडे कोरलेले असतात, लांबीच्या दिशेला २२ वगैरे आणि आडवा ७ वगैरे. तो आडवा होऊन अडकला तर ताकद एक तृतीयांश राहते, त्यामुळे प्रत्येक वेळी लटकण्याआधी तो सरळ बसलाय का बघायची सवय लावा. दोरा बांधून, एस-हूक अडकवून काम भागवू नका.

बसवून झाल्यावर पहिला भार स्वतःचा देऊ नका. वाळूच्या पोत्यांची जुडी जमिनीपासून चार बोटं वर राहील अशी टांगा, हळूहळू वाढवत वजनाच्या दुपटीपर्यंत न्या, म्हणजे १६० किलोंच्या पुढे, आणि पाव तास तसंच ठेवा. तेवढ्या वेळात खाली कुणी जायचं नाही. मग पोती काढून दोघांनी दोराने तिरकं ओढून बघा, ज्या दिशेला व्यायाम करणार त्या दिशेला. प्लेट आणि भिंत यांच्यात कागदाची कड जाईल इतकी फट पडली, किंवा बोल्टभोवती गिलाव्याला गोल भेग आली, तर काम उतरवायचं. नुसतं आणखी आवळून पुढे जायचं नाही. सगळं ठीक निघालं तर उत्पादकाने दिलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) पुन्हा आवळा आणि प्रत्येक नटावरून प्लेटवर येईल अशी मार्करची एक रेघ ओढून ठेवा. पुढे महिन्यातून एकदा वर बघायचं: रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय.

छताचा आतला व्हिडिओ पाहून कैची निघाली आणि भिंतीही हलक्या ब्लॉकच्या असल्या आणि आरपार बोल्ट जमत नसला, तर दाराच्या फटीत अडकवायचा अँकर किंवा जमिनीवर उभी राहणारी फ्रेम, एवढेच पर्याय उरतात. दाराचा अँकर वापरताना दार तुमच्या ओढीने बंद होणारं हवं, उघडणारं नको, आणि कडी लावलेली.

तुम्ही दिव्याच्या भोकातून फोटो काढलात तर पोकळीत मोजपट्टी उभी धरून काढा, म्हणजे बोर्ड ते स्लॅब अंतर कळेल. आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींवर बोटाच्या पेराने ठोकून आवाज कसा येतो ते लिहा. तेवढ्यावर ब्रॅकेटचं माप मी सांगू शकेन.